गाढवाचं तुम्हीच सांगा, वहिनी

आमच्या ठाण्याच्या इतिहास मंडळात सतरा सभासद. पंधरा पुरुष, एक मी, आणि एक बाई वार्षिक सभेला बटाटेवड्यांपुरत्या येतात. (त्यांना नावं ठेवत नाही, वडे खरंच चांगले असतात.) मी गेले होते मोडी शिकायला. महिन्याभरात खजिनदार झाले, कारण "बायकांना हिशोब बरा जमतो." खजिनदारानं बस ठरवायची, पोह्यांची ऑर्डर द्यायची, आणि आयत्या वेळी न आलेल्याला पैसे परत का मिळणार नाहीत हे फोनवर समजवायचं. मोडी अजून बाराखडीतच आहे.

पण हे सगळं चालतं. खरा प्रश्न गधेगाळीचा.

कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळात दान दिलं की दगड रोवायचे, त्यातलाच एक प्रकार म्हणजे गधेगाळ. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान चालू. मध्ये मजकूर. आणि खाली एक बाई आणि एक गाढव. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ही शिवी. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रातच काढलेली. जमीन लाटणार मुलगा आणि गाढव आईच्या वाट्याला! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस धुसफुसत होते.

गेल्या हिवाळ्यात सहल नेली अलिबागजवळच्या अक्षीला. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२. अध्यक्ष वीस मिनिटं रंगून बोलले. राजा केशिदेवराय, महालक्ष्मीच्या बोडणासाठी, म्हणजे देवीच्या एका पूजेसाठी, दिलेलं धान्य, जुन्या मराठीची वळणं. हजार वर्षांपूर्वी बोडणाचा हिशोब दगडावर, आणि आमच्या मागच्या सहलीचा हिशोब अजून माझ्या पर्समध्ये! बोलता बोलता त्यांचं बोट दगडावरून खाली सरकलं, थबकलं, आणि ते म्हणाले, "खालचं ते गाढवाचं वहिनी सांगतील." म्हणाले आणि शहाळ्याच्या गाडीकडे गेले. त्यांच्यामागे उरलेले सगळे इतिहासकारही गेले. सगळ्यांना एकदम तहान लागली.

समोर पालक, पोरं, आज्या. मी घसा साफ केला. "हे शापवचन आहे," म्हटलं आणि थांबले.

"गाढव काय करतंय?" आठेक वर्षांचा एक मुलगा दगडाला नाक लावून उभा.

"राखण करतंय."

"आणि ती बाई?"

"तीपण राखणच."

त्याची आजी पुढे आली. चष्मा कपाळावर सारला, वाकून दगड नीट पाहिला, पदरानं त्यावरची धूळ पुसली. "राखण कसली? शिवी आहे ही, आईवरून दिलेली. आमच्या भावकीत बांधावरून अश्शाच द्यायचे. दगड परवडायचा नाही, म्हणून तोंडी."

पुढची दहा मिनिटं आजीच बोलल्या. तेवढी शांतता आमच्या एकाही व्याख्यानाला मिळालेली नाही. शहाळीवालेसुद्धा स्ट्रॉ तोंडात धरून परतले.

संध्याकाळी बसमध्ये मी चौदा शहाळ्यांचा खर्च कुठल्या खात्यात टाकावा याच्या विचारात होते. पुढच्या सीटवर तोच मुलगा धाकट्या भावाशी भांडत होता.

"माझ्या खिडकीत बसलास ना, तर तुझ्या आईला गाढव!"

दोघांची आई माझ्या शेजारीच बसली होती.