दोघांचाही उजवा पाय मोडला, मग रकमेत एवढा फरक का? अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुमचा आणि तासगावकडच्या तुमच्या मित्राचा, दोघांचाही उजवा पाय वाहनाच्या अपघातात गुडघ्यात मोडला, दोघांच्याही डॉक्टरांच्या दाखल्यावर ३५ टक्के अपंगत्व, तरी मित्राला तुमच्या कितीतरी पट नुकसानभरपाई मिळाली, म्हणजे मॅडमनी, म्हणजे मी, विमा कंपनीशी हातमिळवणी केली, असं तुम्ही लिहिलंय.

तुमच्या फाइलमधलं मी इथे काहीही उघड करणार नाही, वकील म्हणून ते बंधन माझ्यावर आहे. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते: तुम्ही ४७ वर्षांचे, स्वतःचं किराणा दुकान, मित्र २९ वर्षांचे, ट्रक ड्रायव्हर.

हातमिळवणीचा आरोप मला मुळीच मान्य नाही. तडजोड करायची तर त्यावर तुमची सही लागते. इथे तडजोड झालेली नाही, दोन्ही बाजूंचा पुरावा होऊन सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टात निकाल झाला, हे तुमच्याच अभिप्रायात आहे. कंपनी रक्कम भरते ती न्यायाधिकरणाच्या, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाच्या, आदेशाप्रमाणे. आणि मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी आम्हाला मनाई आहे.

आता रकमेकडे येऊ. कायदा मोडलेल्या हाडाचा भाव ठरवत नाही, त्या हाडामुळे किती कमाई बुडाली ते मोजतो. समजा, दोघांचीही कमाई महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,०००. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगारावर काम करणाऱ्याला वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के वाढ धरतात, ४० ते ५० वयाला २५ टक्के. मग येतो गुणक, म्हणजे वाढ धरलेल्या वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात २९ वर्षांच्या माणसाला १७, ४७ वर्षांच्या माणसाला १३. म्हणजे ड्रायव्हरचे झाले ४२,८४,००० आणि दुकानदाराचे २९,२५,०००. पायाचा विचार अजून झालेलाच नाही, नुसत्या वयाने साडेतेरा लाखांचा फरक पडला.

खरा फरक यानंतर पडतो. दाखल्यावरचे ३५ टक्के हे शरीराचं अपंगत्व. कमाईचं अपंगत्व न्यायाधीश वेगळं ठरवतात, आणि ते माणसाच्या कामावरून. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं जवळपास सगळंच जातं, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र राहू शकते. ट्रकचा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाखाली. गुडघा वाकत नसेल तर स्टिअरिंगला बसणार कसं? उदाहरणादाखल त्याचं नुकसान ७० टक्के धरलं तर २९,९८,८०० होतात. गल्ल्यावर बसून, हाताखाली पोरगा ठेवून दुकान चालतं, म्हणून दुकानदाराचं २० टक्के धरलं तर ५,८५,०००. दाखला तोच, तरी रक्कम पाचपट!

दुकानदाराचं नुकसान खरोखर एवढंच असतं का? माझ्या मते नाही, आणि अशा प्रत्येक केसमध्ये मी त्यासाठी भांडते. कंपनीचे वकील डॉक्टरांना उलटतपासणीत विचारतात, ‘पेशंट काठीशिवाय चालतो?’ हो. ‘बसून काम करू शकतो?’ हो. एकेका ‘हो’मागे टक्के खाली येतात. मग आम्ही विचारायचं, की ५० किलोचं साखरेचं पोतं जमिनीवरून उचलू शकेल का? माळ्यावरचा डबा काढायला शिडी चढेल का? पहाटे मार्केट यार्डात जाऊन माल भरून आणेल का? हे प्रश्न साक्षीत आले तरच न्यायाधीशांना निकालात घेता येतात. डॉक्टर कोर्टात आलेच नाहीत, तर नुसत्या दाखल्याला फार वजन राहत नाही.

दुसरं म्हणजे कमाईचा कागद. ट्रान्सपोर्टचा पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुक बोलतं. दुकानाची उलाढाल रोख, रिटर्न भरलेलं नाही, उधारीची वही घरच्याच हातची, असं असेल तर न्यायाधीश अंदाजाने कमाई धरतात आणि तो अंदाज बहुतेकदा कमीच असतो. औषधांच्या कच्च्या पावत्यांचं तेच. आणि अपघातात आपलीही चूक निघाली, तर त्या प्रमाणात कपात होते.

या हिशोबावर माझाही राग आहे. द्राक्षबागेत विरळणीला जाणारी बाई रोजाने रोख पैसे घेते, तिच्याकडे कागद कुठला असणार? तिचा हात गेला की कमाईचा पुरावा मागतात. घरकामाचीही किंमत धरलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती निकालात ठासून सांगितलं, तरी ते प्रत्येक वेळी नव्याने मांडावं लागतं. वेदनेपोटी जी रक्कम देतात तिला तर सूत्रच नाही. एक न्यायाधीश ५०,००० देतात, दुसरे दोन लाख. तिथला फरक तुम्हाला अन्याय वाटत असेल, तर मी तुमच्या बाजूची आहे.

म्हणून आता अपिलाचं. निकाल गेल्या महिन्यातला आहे असं तुम्ही लिहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत, ऑगस्ट २०२५ पासून सांगलीची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. कमाईचं अपंगत्व कमी धरलं, हा मुद्दा तिथे मांडता येतो. माझ्यावर विश्वास उरला नसेल तर दुसऱ्या वकिलांना जरूर दाखवा. निकालाची प्रमाणित नक्कल आणि डॉक्टरांच्या साक्षीची प्रत ऑफिसात काढून ठेवायला सांगितली आहे. रविवार सोडून कधीही न्या, आणि दुसरा वकील नेमायला माझी ना हरकत हवी असेल तर तीही त्याच दिवशी देते.