फील्ड शोधणार कोण?

‘स्क्रीनवर सगळ्यांना एकच स्लाइड दिसते, मग प्रत्येकाला मायक्रोस्कोप कशाला?’ हे मेडिकल कॉलेजात स्क्रीनवर स्लाइड दाखवून शिकवण्याविषयीच्या लेखातलं वाक्य खटकलं. मान्य, आमच्या वेळी एका आयपीसला डोळा लावायला रांग लागायची. पण स्क्रीनवरचं फील्ड, म्हणजे स्लाइडचा लेन्सखाली दिसणारा तेवढा भाग, आधीच कोणीतरी शोधून, फोकस करून ठेवलेलं असतं. शोधणंच तर शिकायचं असतं ना!

धुळ्यात शिकून मी धडगावकडे आरोग्य केंद्रात गेलो. तापाचा पेशंट, टेक्निशियन रजेवर, लाइट गेलेली. आरसा खिडकीकडे वळवला, तेलाचा थेंब टाकून १०० एक्सची लेन्स खाली घेतली आणि घाईत बारीक फोकसऐवजी मोठा स्क्रू फिरवला. कट्! स्लाइड फुटली. दुसरी बनवली, तेव्हा कुठे रक्ताच्या लाल पेशीत अंगठीसारखा दिसणारा मलेरियाचा जंतू दिसला. तो ‘कट्’ मी कॉलेजातच ऐकायला हवा होता.