निम्म्या भागीदारीतला पळस

आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं आणि मला बियांपासून झाडं वाढवायचा नाद आहे. त्यातही कडुनिंब, गुलमोहर कुणीही लावतं. मला पांढरा पळस हवा होता.

मित्राने माळावरच्या एका झाडाच्या चार शेंगा आणून दिल्या. पळसाच्या शेंगेत बी एकच. टोकाला बसलेलं, चपटं, तांबूस, जुन्या रुपयाएवढं. ताजं असताना लावलं तर उगवतं, काही महिने ठेवलं की मेलं. म्हणून लगेच माती आणायला गेलो. परत येऊन डबी उघडली तर बिया तीन.

"धाकट्याला जंत झालेत म्हणत होतास ना? पळसपापडी उगाळून मधातून दिली," आई म्हणाली. "एवढी ताजी कुठं मिळाली रे?"

उरलेल्यांपैकी एक कुजलं, कारण पाणी आलं त्या दिवशी मी चार दिवसांचं एकदम पाजलं. दुसरं मुंग्यांनी नेलं. तिसरं मात्र दुधाच्या पिशवीत उगवलं. वर बोटभर आणि खाली? महिन्याभरात मूळ पिशवी फोडून बाहेर! शेवटी फुटक्या पाइपचा हातभर तुकडा माती भरून त्याला दिला. मग पानं आली. तीन. पुढे कित्येक आठवडे तीनच. म्हण एवढी शब्दशः पाळायची काय गरज होती?

एप्रिलात पारा चाळिशीपार गेला. "माणसांना अंघोळीला पाणी नाही," असं बायको माझ्याकडे न बघता म्हणू लागली.

तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. "काय लावलालास बे?"

"पांढरा पळस."

अण्णांनी आधी फाटक लावून घेतलं. "त्याच्याखाली गुप्तधन असतंय म्हणतात. निम्मं-निम्मं?"

मी नुसती मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी अण्णांच्या बोअरच्या पाण्याची कळशी फाटकाशी येते. पळस पोसून उरलेल्या पाण्यात आमची भांडीही निघतात. बायको आता झाडाची चौकशी करते.

एक गोष्ट अण्णांना अजून सांगितलेली नाही. एखादा शिंजीर पक्षी केशरी पळसावरचे पराग घेऊन माळावरच्या त्या पांढऱ्या झाडावर बसला असेल, तर आमचाही केशरीच निघायचा. ते कळायला फूल यावं लागतं, आणि फुलाला अजून कैक वर्षं आहेत.

तोवर बोअर आटू नये.