लेझरच्या बांगड्या आणि आमची आत्या

काल रात्री नागपूरच्या महाल भागातून आत्याचा फोन. "सूनबाईच्या बांगड्या काढून ठेवल्या मी. सातवा महिना चालू आहे नं, कायले विषाची परीक्षा घ्यायची!" कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: अमेरिकेत लेझरने अॅल्युमिनियमचं सोनं करतात, ते इतवारीच्या सराफ्यात आलंय, कसोटीवर पकडलं जात नाही, आणि त्यात साठलेले लेझरचे किरण पोटातल्या बाळाला बाधतात.

शेवटचं आधी घेतो, कारण डोकं तिथेच फिरलं. टॉर्चचा उजेड डब्यात भरून ठेवता येतो का? सेकंदाचे एक अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. तो एक फेम्टोसेकंद. धातूला असा सोनेरी रंग आणणाऱ्या प्रयोगांतला लेझरचा एक झटका साधारण ६५ फेम्टोसेकंदांचा. तेवढ्यात खुद्द प्रकाशही केसाच्या जाडीइतका पुढे सरकत नाही. आधी धातूतले इलेक्ट्रॉन तापतात; ती उष्णता अणूंपर्यंत पोचते तेव्हा झटका संपलेलाही असतो. पृष्ठभागाचा पातळ थर वितळतो, थोडा उडून जातो, बाकीचा गोठतो. मागे राहतात फक्त नॅनोमीटरांत, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत, मोजायच्या खाचा आणि उंचवटे. किरण-बिरण काही नाही.

अॅल्युमिनियम सोनेरी दिसतं, हे मात्र खरं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात संशोधक चुनलेई गुओ यांनी २००८ मध्ये ते करून दाखवलं. टायटॅनियम निळंही केलं. रंगाचा थेंब न लावता! त्या खाचांवरून काही रंगांचा प्रकाश परततो, काहींचा नाही. मोराच्या पिसातली निळाई अशीच, रचनेतून आलेली. पण मोर निळा दिसतो म्हणून कोणी त्याला नीलम म्हणत नाही.

कसोटीचं म्हणाल, तर दगडावर घासताच ती नक्षी जाते आणि खालच्या पांढऱ्या अॅल्युमिनियमची रेघ उठते. तेवढंही नको, हातात धरा: दहा ग्रॅम सोन्याच्या आकाराचं अॅल्युमिनियम जेमतेम दीड ग्रॅम भरेल. इतवारीतला सराफ तराजूशिवाय बसतो का? आणि गुओ यांच्याच प्रयोगशाळेला २०१५ मध्ये अशाच लेझरने पाणी झटकणारा धातू बनवताना एक इंच बाय एक इंच तुकड्याला तास लागत होता. बांगड्यांचा ढीग कोण पाडणार, बावा?

मेसेजच्या शेवटी "नासाने सांगितलं" असंही आहे; त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

आत्या, वहिनीचे हात सुजले असतील तर बांगड्या राहू दे काढलेल्या. नाहीतर आजच घालू दे तिला.