टर्मिनलच्या पळसाला पानं तीनच?

प्रोग्रामर मंडळींत एक दावा फार फिरतो: "एनकर्सेस, क्रॉसटर्म असल्या टर्मिनल लायब्रऱ्या म्हणजे जुनं ओझं. आता सगळी टर्मिनल्स सारखीच झालीत. एस्केप कोड थेट छापा, काम झालं. वर वेगही जास्त मिळतो." (टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची मजकुराची खिडकी, लायब्ररी म्हणजे तिच्यावर लिहायला-वाचायला मदत करणारा तयार कोड, आणि एस्केप कोड म्हणजे 'रंग बदल' असले हुकूम देणारी खास अक्षरं.) यात थोडं तथ्य आहे, आणि पंचाईत तिथेच होते.

आधी 'सारखीच' हा शब्द घेऊ. डेक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल आलं १९७८ साली आणि आजची बहुतेक टर्मिनल्स त्याच घराण्यातली, हे कबूल. पण विंडोजचा कन्सोल, म्हणजे तिथलं टर्मिनल, या घरात फार उशिरा आला. विंडोज १० च्या आधी त्याला रंगाचा कोड पाठवला की रंग दिसायचा नाही, डावा बाण आणि त्यापुढे कंस-आकड्यांचा कचरा दिसायचा. विंडोज १० मध्ये सोय झाली, तीही कन्सोल मोडमधला एक फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) चालू केला तर. क्रॉसटर्म तो फ्लॅग चालू करून पाहते आणि जमलं नाही तर थेट विंडोजच्या फंक्शनांकडून काम करून घेते. पायथनवाल्यांना तर हे ठाऊकच असेल: याच कामाचं 'कर्सेस' मॉड्यूल लिनक्सवर हाताशी असतं, विंडोजवरच्या पायथनसोबत ते येतच नाही.

'छापा, काम झालं' म्हणणाऱ्याने बहुधा कीबोर्ड वाचून पाहिलेला नसतो. वरचा बाण दाबला की प्रोग्रामला तीन बाइट मिळतात: एस्केप, चौकटी कंस, ए. टर्मिनल दुसऱ्या मोडमध्ये असेल तर कंसाच्या जागी ओ. आणि नुसती एस्केप की दाबली तर? फक्त पहिला बाइट. म्हणजे तो बाइट हातात पडला तेव्हा माणसाने एस्केप दाबली की बाण, हे त्या क्षणी कळत नाही. थोडं थांबून पुढे काही येतंय का ते बघावं लागतं. एनकर्सेस मुळात १००० मिलिसेकंद थांबते. काही प्रोग्राममध्ये एस्केप दाबल्यावर जी चिडचिड होते ती यामुळेच. हा आकडा कमी करता येतो, पण खूप कमी केला आणि एसएसएचची (दूरच्या कॉम्प्युटरशी जोडणारी) लाइन संथ असली, की बाणाचे तुकडे पडतात. हा हिशेब ज्याला स्वतः लिहायचाय त्याने खुशाल लिहावा. मी एकदा लिहिलाय, पुन्हा लिहिणार नाही.

वेगाचा मुद्दा तर उलटाच आहे. १९८० च्या सुमारास केन आर्नल्ड यांनी बर्कली विद्यापीठात कर्सेस (एनकर्सेसची पूर्वज) लिहिली ती संथ लाइनींच्या काळात: आधीची स्क्रीन आणि नवी स्क्रीन ताडून फक्त फरक पाठवायचा. ८० बाय २४ ची स्क्रीन म्हणजे एकेका अक्षराची १९२० घरं. थेट छापणाऱ्याने दर वेळी सगळी स्क्रीन पाठवली आणि प्रत्येक घराला २४ बिटी रंगाचा कोड लावला तर एकेक कोड १९ बाइटपर्यंत जातो. गुणाकार तुम्हीच करा.

आता आपल्या घरचा प्रश्न. 'क्षि' या अक्षरात कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) चार, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट बारा. आणि स्क्रीनवर घरं किती? अक्षराची रुंदी सांगणाऱ्या मार्कस कून यांच्या प्रसिद्ध फंक्शनच्या नियमाने हलन्ताला शून्य, पण ऱ्हस्व वेलांटीला एक, म्हणजे एकूण तीन. टर्मिनल मात्र अक्षर जोडून कमी घरांत काढू शकतं. प्रोग्राम आणि टर्मिनल यांचं इथे जमलं नाही की मराठी नावांच्या तक्त्यात उजवीकडची रेघ दारू प्यायल्यासारखी झुकते. लायब्ररी घेतली की हे सुटतं असं मी म्हणणार नाही, कारण सुटत नाही. पण निदान रुंदी मोजायची एकच जागा राहते. थेट छापणारे बहुतेक जण स्ट्रिंगची लांबी मोजतात आणि इंग्रजीत तपासून मोकळे होतात.

दोनच ओळी लाल-हिरव्या करायच्या असतील तर लायब्ररी मीही घेत नाही. फक्त आउटपुट टर्मिनलवर जातंय की फाइलमध्ये, एवढं आधी तपासा. नाहीतर लॉग वाचणारा तुमच्या नावाने बोटं मोडेल. आणि पूर्ण स्क्रीनचा प्रोग्राम असेल, तर तो मधेच कोसळल्यावर टर्मिनल पूर्ववत कोण करणार हे ठरवून ठेवा. काहीच ठरवलं नसेल तर टाइप केलेलं दिसेनासं होतं. तेव्हा 'एसटीटीवाय सेन' (stty sane) ही कमांड न बघता टाइप करायची. एंटरने काही झालं नाही तर कंट्रोल-जे.