गर्द काय मजेसाठी घेतात का?

हा मेसेज मला आज चौथ्या ग्रुपवर आला: गर्दुल्ले मजेसाठी नशा करतात, चांगल्या घरातली पोरं असल्या भानगडीत पडत नाहीत, पंधरा दिवस खोलीत कोंडा म्हणजे उतरेल, आणि व्यसनमुक्ती सेंटरवर गोळ्या देतात ती सरकारी खर्चाने नशाच. मी मुंबईत आउटरीचचं, म्हणजे नशा करणाऱ्यांपर्यंत जाऊन त्यांना मदत करायचं काम करते, रोज ह्याच लोकांत असते, म्हणून लिहितेय.

मस्जिद बंदरला एक हमाल काका आहेत. दिवसभर पाठीवर गोण्या, रात्री पाठ टेकवत नव्हती, तर सोबतच्याने गर्द ओढायची पन्नी पुढे केली, दोन कश मार झोप लागेल. आणि लागली ना! गर्द म्हणजे हेरॉइनच, अफूचं कूळ, दुखणं मारतंच ते, ऑपरेशननंतर मॉर्फीन उगाच नाही देत. पण शरीराला सवय लागली की नाही घेतलं तर टर्की येते, नाक गळतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब, हाडं कोणी पिळतंय असं. काका म्हणाले, ताई आता झोपेसाठी नाय घेत, सकाळी उठून कामावर जाता यावं म्हणून घेतो. मजा कुठेय ह्यात?

चांगल्या घरांचं म्हणाल तर खोकल्याच्या औषधातलं कोडीन आणि दुखण्यावरचं ट्रामाडोल ह्याच कुळातलं, ट्रामाडोल २०१८ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला सर्व्हे २०१९ ला आला, त्यात देशातल्या लोकांपैकी हेरॉइन घेणारे १.१४ टक्के आणि असल्या गोळ्या-सिरप घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे जवळजवळ बरोबरीत.

कोंडण्याबद्दल मात्र मला खरंच राग येतो. कोंडलं की टर्की निघून जाते, ओढ जात नाही, आणि तेवढ्या दिवसांत शरीराची सहन करायची ताकद उतरते, मग बाहेर येऊन माणूस जुन्याच हिशोबाने पुडी मारतो आणि श्वास बंद पडतो. आमच्या एका पोराला घरच्यांनी गावी नेऊन कोंडलं होतं, परत आला त्याच संध्याकाळी अड्ड्यावर सापडला, ओठ निळे पडलेले. गेला तो. त्याची आई अजून विचारते, ताई माझं काय चुकलं? तिला कोणीतरी असंच सांगितलं होतं हो, मायेपोटी केलं तिने.

आणि गोळी म्हणजे बुप्रेनॉर्फीन, डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहे. आमची सिस्टर ती चुरून जिभेखाली ठेवायला देते, विरघळेपर्यंत समोर बसवते, मग तोंड उघडायला लावून बघते. टर्की येत नाही, माणूस कामाला जातो. घरात कोणी असेल तर व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला, १४४४६ ला फोन करा, कोंडू नका.

काका आठ महिने रोज सकाळी येऊन गोळी घेतात आणि धंद्यावर जातात. पाठ अजून दुखतेच, त्यासाठी दोनदा हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले, दोन्हीदा गर्दुल्ला म्हणून ओपीडीतून तसंच परत पाठवलं. सोमवारी परत जातोय आम्ही.