सीएनसी शिका घरबसल्या, मशीनचं तोंड न बघता

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की सीएनसी, म्हणजे कोड देऊन मशीनकडून धातू कापून घेणं, शिकायला मशीन लागतं. मशीन असतं तिकडे वसईला, वालीव नाहीतर सातिवलीच्या गाळ्यात, म्हणजे आधी लोकलला लटका, मग स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची लाइन लावा, आणि गाळ्यात शिरलं की कूलंटचा (कापताना टूल थंड ठेवायला सोडतात ते पाणी) तो वास, शर्ट दोनदा धुतला तरी आई विचारणार कुठे लोळून आलास म्हणून. त्यापेक्षा ऑनलाइन कोर्स घ्या ना. मूळ किंमत खोडलेली असते, बाजूला लाल अक्षरात 'फक्त आज' लिहिलेलं असतं, आणि तो आज वर्षभर चालतो त्यामुळे घाई पण नाही.

आयटीआयवाल्यांचं तर ऐकूच नका. टर्नर नाहीतर मशिनिस्ट म्हटलं की दोन वर्षं, त्यात सुरुवातीला व्हाइसमध्ये पट्टी धरून कानस मारायला लावतात, हाताला घट्टे पडेपर्यंत. चुनाभट्टीच्या आयडीईएमआयसारख्या सरकारी टूलरूममध्ये पण कोर्स होतात पण शेवटी मशीनसमोर उभं करतातच, म्हणजे फिरून तेच. तुम्ही आपले बेडवर आडवे पडा, व्हिडिओ दीडपट स्पीडला टाका, कटिंग चालू असतानाचा भाग पुढे ढकला, नुसता आवाज तर असतो त्यात.

पहिल्या लेक्चरला इतिहास असतो. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने भोकं पाडलेल्या टेपवरून आकडे वाचणारं मिलिंग मशीन दाखवलं, त्यामागे जॉन पार्सन्सची आयडिया होती वगैरे. हे घोटून पाठ करा, क्विझला हमखास येतं. वसईतला शेठ हे विचारत नाही, पण शेठला काय कळतंय.

मग कोड. जी०० रॅपिड म्हणजे न कापता नुसतं पळायचं, जी०१ कटिंग, जी०२ जी०३ गोल फिरायला, एम०३ स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, चालू, एम०८ कूलंट चालू, एम३० संपलं, घरी जा. एका रविवारात होतं सगळं. आता एम०८ मारला की कूलंट सुरू होतं हे खरंय, पण नोझल टूलच्या टोकाऐवजी दरवाजाच्या काचेला अंघोळ घालत असेल तर ते हाताने वळवावं लागतं आणि त्याला कोड नाही. कोड नाही म्हणजे सिलॅबसमध्ये नाही, सिलॅबसमध्ये नाही म्हणजे सोडून द्या.

दशांशाच्या टिंबाची पण काळजी करू नका. बऱ्याच मशीनवर फानुक कंपनीचा कंट्रोल असतो, त्यावर एक्स१०० लिहिलं आणि पुढे टिंब द्यायचं राहिलं, तर जुन्या पद्धतीची सेटिंग असेल तर मशीन ते १०० मिलीमीटर न समजता १०० मायक्रॉन समजतं, म्हणजे ०.१ मिलीमीटर. तुमच्या मनात असतं टूल जॉबपासून (म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यापासून) लांब जाऊ दे, आणि टूल निघतं जॉबच्या सेंटरकडे, तेही रॅपिडमध्ये, मिनिटाला वीस-तीस मीटरच्या वेगाने. सिम्युलेटरमध्ये असं झालं तर फार तर लाल रेघ येते, रीसेट दाबायचं, चहा घ्यायचा. गाळ्यात झालं तर आधी मोठा आवाज होतो, मग एकदम शांतता, मग शेठ केबिनमधून बाहेर येतो. ती केबिनच्या दाराची कडी वाजते ना, ती कुठल्याच कोर्समध्ये ऐकवत नाहीत, खरं तर तेवढा एकच धडा पुरला असता.

सूत्र मात्र छान शिकवतात, कटिंग स्पीड म्हणजे पाय (गणितातला π) गुणिले डायमीटर गुणिले आरपीएम भागिले १०००. स्टीलच्या ५० मिलीमीटरच्या जॉबला २०० मीटर कटिंग स्पीड हवा तर आरपीएम आला १२७३, पैकीच्या पैकी मार्क. मग मास्तर सांगतो की जी९६ लावा, डायमीटर कमी होईल तसा स्पीड मशीन आपोआप वाढवतं. वा. फेसिंग करत, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करत, सेंटरला आलात की डायमीटर शून्य, भागाकार शून्याने, म्हणजे मशीन जेवढं पळता येईल तेवढं पळतं, आणि आधी जी५० ने मर्यादा बांधली नसेल तर चकमध्ये अर्धवट धरलेला वाकडातिकडा जॉब अशा वेळी काय विचार करत असेल? वेग वाढला की जॉची, म्हणजे जॉब धरणाऱ्या चकच्या जबड्यांची, पकड सैल होते, फिरण्यानेच जॉ बाहेर ओढले जातात. पण तुमच्या स्क्रीनवरचा जॉब चकमध्ये नाहीच, तो हवेत तरंगतोय, त्याला कोणी धरलेलंच नाही, मग सुटणार कुठून.

मापं हा प्रकार तर अजूनच सोपा. ड्रॉइंगवर ५० प्लस-मायनस ०.०१ लिहिलेलं असतं, स्क्रीनवर ५०.००० येतं, झालं की. आता मापाचं तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात हे खरं, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या गाळ्यात २० अंश कुठून येणार हेही खरं. चकमधून काढलेला गरम जॉब २० अंशांनी जास्त तापलेला असेल तर ५० मिलीमीटरचं स्टील दहा-बारा मायक्रॉन फुगलेलं असतं, म्हणजे एका बाजूचा सगळा टॉलरन्स (मापात चालणारी चूक) उष्णतेनेच खाल्ला. मामा (म्हणजे सेटर, गाळ्यातल्या प्रत्येक सेटरला मामाच म्हणतात) जॉब बाजूला ठेवतो, तंबाखू मळतो, मग मायक्रोमीटर लावतो. कॅमेऱ्यात पकडलं तर तो टाइमपास करताना दिसेल. तुम्ही असले नाहीत, तुम्ही लगेच मोजा आणि लगेच ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती, मारा.

तसंच चीपचा, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या सालीचा, रंग. हायस्पीड स्टीलच्या टूलवर चीप निळी यायला लागली की टूल गेलं समजायचं, कार्बाइडवर तीच निळी चालते, आणि चीप तुटायच्या ऐवजी लांबच लांब येऊन जॉबला गुंडाळायला लागली तर फीड (टूल पुढे सरकायचा वेग) नाहीतर इन्सर्ट (टूलच्या टोकाला लावायचा कापणारा तुकडा) बदलायचा. इन्सर्टच्या सीएनएमजी १२०४०८ या नंबरातले शेवटचे ०८ म्हणजे ०.८ मिलीमीटर नोज रेडियस, टोकाची गोलाई, हे तुम्हाला येतं. मामाला त्या अक्षरांचा अर्थ विचारला तर तो डबी दाखवून म्हणेल, "अरे ही पिवळी डबी, स्टीलला हीच." किती हे अज्ञान. तो फक्त पाठमोरा उभा राहून कुठल्या मशीनवरचा इन्सर्ट झिजलाय ते सांगतो, एवढंच.

सर्टिफिकेट आलं की लिंक्डइनवर टाका, खाली काकांचे अंगठे येतील, मग इंटरव्ह्यूला जा. शेठ विचारेल, "ऑफसेट लावता येतो?" तुम्ही म्हणा, "थिअरी क्लिअर आहे सर." इथे शेठचं पण सांगायला हवं. त्याला अनुभवी पोरगा हवा असतो आणि अनुभव दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्याच्या मशीनवर दिलेला हवा असतो, स्वतःच्या मशीनचा हप्ता चालू आहे ना. तो तुम्हाला ठेवेल, लोडिंग-अनलोडिंगला. दार उघडा, जॉब काढा, जॉब लावा, हिरवं बटण दाबा, बारा तास. मामा ऑफसेट मारताना स्क्रीनसमोर असा उभा राहतो की तुम्हाला त्याची पाठच दिसते, कारण त्याचीही नोकरी आहे. असे शेठ आणि असे मामा आहेत म्हणूनच तर 'फक्त आज' वर्षभर चालतं. तरी तक्रार करू नका, रात्री जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या मागे बसून पार्ट टू बघा.

फक्त खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सांभाळा. पूजेसाठी सगळी मशीनं उघडून पुसायची असतात आणि ते काम नव्या पोराच्याच गळ्यात पडतं. कव्हर काढतात, टूलं धरणारा टरेट हाताने पुसायला लागतो, स्लाइडवरचा चीपचा चुरा काढायला लागतो, ल्युब्रिकेशनची नळी कुठे चोंदलीय ते दिसतं, आणि मामाचा मूड पण त्या दिवशी बरा असतो, काय विचारलं तर सांगतो. नको ते. सरळ सुट्टी टाका, घरी थांबा, लॅपटॉपला झेंडूचा हार घाला, कुंकू की-बोर्डात सांडणार नाही एवढं बघा.